टेस्ट बिल्डसाठी ऑप्टिमायझेशन किती ठेवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सी++ मधली एक मोठी सर्व्हिस, काही हजार युनिट टेस्ट. सीआयवर, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या यंत्रणेवर, सगळं ओ३ वर (ऑप्टिमायझेशनच्या वरच्या स्तरावर) बिल्ड होतं आणि प्रत्येक मर्जला पाऊण तास खातं. टीममधला एक जण म्हणतो, टेस्ट बिल्ड ओ० वर, म्हणजे ऑप्टिमायझेशनविना, न्या, वेळ वाचेल. दुसरा म्हणतो, ग्राहकाकडे जी बायनरी जाते तीच तपासली पाहिजे. प्रयोग म्हणून ओ० लावून पाहिलं, तर ओ३ वर अधूनमधून फेल होणाऱ्या दोन टेस्ट निमूट पास झाल्या. त्यामुळे पहिल्याला आणखी जोर चढलाय: "बघा, कंपायलरच गडबड करत होता."

दोघांचंही म्हणणं बरोबर आहे, फक्त दोघं वेगवेगळ्या बिल्डबद्दल बोलताहेत. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. रोजच्या मर्जसाठी ओ१ च्या आसपासचं बिल्ड ठेवा आणि त्यात असर्ट (कोडमध्येच लिहिलेल्या तपासण्या) चालू राहू द्या. सॅनिटायझरची (प्रोग्रॅम धावताना मेमरी, थ्रेड वगैरेच्या चुका पकडणाऱ्या साधनांची) बिल्ड वेगळी ठेवा. रिलीज करायचं की नाही हे ज्या टेस्टवर ठरतं, त्या मात्र नेमक्या रिलीजच्या फ्लॅगनी (कंपायलरला दिलेल्या पर्यायांनी) झालेल्या बायनरीवरच चालवा. आणि त्या दोन टेस्ट पास झाल्या याचा आनंद मानू नका. तुम्ही दिलेल्या माहितीत सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे, आणि ओ० वर गेलात तर ती हातची जाईल.

(कमांडमध्ये या स्तरांच्या आधी आडवी रेघ लागते, इथे नुसतं ओ०, ओ१ लिहितो. उदाहरणं मुख्यतः जीसीसी आणि क्लँग या दोन कंपायलरांची आहेत.)

सुरुवात "डीबग" आणि "रिलीज" हे दोन शब्द बाजूला ठेवण्यापासून करा. त्यांच्या पोटात चार-पाच वेगवेगळी बटणं दडलेली असतात आणि वाद घालताना सगळे एकाच बटणाबद्दल बोलतोय असं धरून चालतात. सीमेक या बिल्ड साधनाचंच घ्या. त्याचा डीबग प्रकार फक्त डीबग माहिती घालतो, म्हणजे ओ०. रिलीज प्रकार ओ३ लावतो, आणि सोबत एनडीबग मॅक्रोही. "डीबग माहितीसह रिलीज" हा प्रकार ओ२ लावतो आणि एनडीबग त्यातही असतो. बिल्डचा प्रकारच दिला नाही, तर ऑप्टिमायझेशनचा फ्लॅग जात नाही आणि डीबग माहितीही मिळत नाही, दोन्हीकडून तोटा. हे शेवटचं वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त आढळतं. सीआयची स्क्रिप्ट कोणीतरी केव्हातरी लिहिलेली असते आणि सगळ्यांना वाटत असतं की आपण रिलीज तपासतोय.

एनडीबग लागला की असर्ट नाहीसे होतात. म्हणजे आज तुमच्या हजारो टेस्ट ओ३ वर धावतात तेव्हा कोडमध्ये ठिकठिकाणी लिहिलेली "इथे हे असंच असायला हवं" ही विधानं गप्प बसलेली असतात. टेस्ट बाहेरून उत्तर तपासते, असर्ट आतली स्थिती तपासतो. टेस्ट चालवताना असर्ट बंद ठेवणं मला तरी कधीच पटलेलं नाही. त्यात भर म्हणजे असर्टच्या कंसातच काम करणारा कोड: रांगेतून एक घटक काढला आणि तो निघाला का हे त्याच ओळीत तपासलं. एनडीबग लागला की घटक निघतच नाही. मग "ओ३ वर प्रोग्रॅम वेगळा वागतो" अशी तक्रार येते, ज्यात बिचाऱ्या ओ३ चा काहीही संबंध नसतो. म्हणून पहिलं काम: ऑप्टिमायझेशन आणि एनडीबग ही दोन बटणं सुटी करा. ओ२ चालू आणि असर्टही चालू, असं बिल्ड करायला कंपायलरची काही हरकत नसते. सीमेकमध्ये त्यासाठी स्वतःचा बिल्ड प्रकार लिहावा लागतो, पण ते चार ओळींचं काम आहे.

स्टँडर्ड लायब्ररीतही अशीच बटणं आहेत. जीसीसीच्या लायब्ररीत तपासण्यांचे दोन प्रकार मिळतात. "असर्शन्स" मॅक्रो हलका आहे. व्हेक्टरच्या हद्दीबाहेरचा निर्देशांक वगैरे पकडतो आणि डेटाची मांडणी बदलत नाही. "डीबग" मॅक्रो जड आहे. तो कंटेनरचा आकारच बदलतो, त्यामुळे लावला तर सगळीकडे लावावा लागतो. अर्धा कोड त्यासह आणि अर्धा त्याविना लिंक केलात तर अगम्य क्रॅश पाहायला मिळतील. २०२५ मध्ये आलेल्या जीसीसी १५ पासून ऑप्टिमायझेशनविना बिल्ड केलं की हलक्या तपासण्या आपोआप चालू होतात. म्हणजे ओ० आणि ओ२ यांतला फरक आता आणखी एका बाजूने वाढला. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरकडे तर डीबग बिल्ड म्हणजे वेगळी रनटाइम लायब्ररी, इटरेटरच्या कडक तपासण्या, आणि मोकळ्या मेमरीत भरलेले ठरावीक आकडे. तिथल्या रनटाइम तपासण्यांचा फ्लॅग ऑप्टिमायझेशनसोबत चालतच नाही.

रस्ट वापरणाऱ्यांसाठी जाता जाता: तिथल्या कार्गो या बिल्ड साधनाची टेस्ट कमांड डेव्ह प्रोफाइलची (रोजच्या कामाच्या बिल्डची) सेटिंग वारशाने घेते. तिथे स्तर शून्य असतो आणि पूर्णांकाचा ओव्हरफ्लो झाला (आकडा मर्यादेबाहेर गेला) की पॅनिक होतो, म्हणजे काम तिथेच थांबतं. रिलीजमध्ये तोच आकडा गुपचूप गुंडाळला जातो, म्हणजे दुसऱ्या टोकापासून पुन्हा सुरू होतो. रस्टमध्ये हे अनडिफाइन्ड (काय होईल ते भाषेने न सांगितलेलं) नाही, ठरवून दिलेलं वर्तन आहे, पण टेस्टमध्ये एक आणि ग्राहकाकडे दुसरं असं व्हायचं ते होतंच.

आता वेळेचा हिशेब. पाऊण तास नेमका जातो कुठे, हे मोजल्याशिवाय कुठलाही फ्लॅग बदलू नका. क्लँगला टाइम-ट्रेसचा फ्लॅग दिला (क्लँग ९, म्हणजे २०१९ पासून आहे) की प्रत्येक फाइलचा तक्ता मिळतो: हेडर वाचण्यात किती गेला, टेम्प्लेट उलगडण्यात किती, ऑप्टिमायझरमध्ये किती. जीसीसीचा टाइम-रिपोर्ट तेवढा देखणा नाही, पण काम भागतं. हेडर आणि टेम्प्लेटचा खर्च ओ० लावा नाहीतर ओ३, तेवढाच राहतो. टेस्टच्या फाइलींचा स्वभाव नेमका असाच असतो: टेस्ट फ्रेमवर्क, मॉक, निम्म्या प्रॉडक्टची हेडर, आणि खाली पन्नास ओळींचा सरळसोट कोड. त्यामुळे ओ३ वरून ओ० वर गेल्यावर वेळ निम्म्यावर येईल अशी आशा धरलेल्यांची बहुतेकदा निराशा होते.

दुसरीकडे ओ० वरचं सी++ धावायला फार जड असतं. व्हेक्टरच्या चौकटी कंसामागे खरंखुरं फंक्शन कॉल होतं, इटरेटर पुढे सरकवणं हे आणखी एक कॉल, स्मार्ट पॉइंटरमधून आत जाणं हे आणखी एक. ही सगळी आवरणं इनलाइन होऊन (कॉलच्या जागी थेट कोड येऊन) नाहीशी होतील या भरवशावरच लायब्ररी लिहिलेली आहे. मूव्ह आणि फॉरवर्डसारखी नावापुरती फंक्शनंसुद्धा ओ० वर कॉल म्हणून उरायची. २०२२ च्या क्लँग १५ ने त्यांना कंपायलरच्या आत घेतलं तेव्हा कुठे ते थांबलं. तुमच्या टेस्टमध्ये मोठ्या डेटावरची गणितं, पार्सिंग, एनक्रिप्शन असं काही असेल, तर कंपाइलमध्ये वाचवलेली मिनिटं टेस्ट धावताना परत जातील. वर टाइमआउटच्या मर्यादा ओ३ वर बसवलेल्या असल्या तर त्या तुटायला लागतील, मग कोणीतरी त्या दुप्पट करेल, आणि खरा अडकलेला थ्रेड पकडायला तेवढाच उशीर होईल.

म्हणून मधला स्तर. जीसीसीत ४.८ पासून, म्हणजे २०१३ पासून, ओजी आहे. तो डीबगिंगची सोय सांभाळून जमेल तेवढं ऑप्टिमायझेशन करतो. क्लँगमध्ये ओजी म्हणजे ओ१ च. मी स्वतः दोन्हीकडे सरळ ओ१ लावतो, कारण दोन कंपायलरांत एकच अर्थ लावणं सोपं जातं, आणि ओजी लावूनही जीडीबी हा डीबगर काही व्हेरिएबलबद्दल "ऑप्टिमाइज्ड आउट" म्हणायचं ते म्हणतोच. एखादी टेस्ट डीबगरमध्ये ओळीओळीने पाहायचीच असेल तर तेवढी फाइल ओ० वर पुन्हा कंपाइल करा. रोजच्या बिल्डची पातळी त्या अधूनमधूनच्या गरजेवरून ठरवू नका.

बाहेरच्या लायब्रऱ्या ओ२ वर एकदाच बिल्ड करून ठेवा. त्यांच्या आत तुम्ही डीबगर घेऊन जाणार नाही. (कार्गोमध्ये १.४१ पासून डिपेंडन्सींना वेगळा स्तर देता येतो. ज्यांनी लावला नाही त्यांनी आजच लावावा.) सीकॅश (आधी कंपाइल झालेलं पुन्हा वापरणारं साधन) नसेल तर बसवा. आणि लिंकर, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइली जोडून बायनरी बनवणारा प्रोग्रॅम, बदलून पाहा. शेकडो टेस्ट बायनरी लिंक करताना जुना लिंकर आणि ढीगभर डीबग माहिती मिळून जो वेळ खातात, तो ऑप्टिमायझेशनच्या नावावर खपतो. एलएलडी किंवा मोल्ड हे वेगवान लिंकर लावणं आणि डीबग माहिती वेगळ्या फाइलीत काढणं, एवढ्यावर कित्येकदा ओ० चा मोह सुटतो.

अजून एक युक्ती बऱ्यापैकी उपयोगी पडते: टेस्टच्या स्वतःच्या फाइली ओ० वर, आणि ज्या लायब्ररीची तपासणी करायची ती रिलीजच्या फ्लॅगनी. फक्त एक खाचखळगा लक्षात ठेवा. हेडरमधली इनलाइन फंक्शनं आणि टेम्प्लेट दोन्हीकडे तयार होतात आणि लिंकर त्यांतली एकच प्रत ठेवतो. ती ओ० ची की ओ३ ची, हे फाइली कोणत्या क्रमाने आल्या त्यावर ठरतं. तुमचा बराचसा कोड हेडरमध्येच असेल तर या युक्तीने तुम्ही काय तपासलंत हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

आता त्या दोन टेस्ट.

ओ० वर पास आणि ओ३ वर फेल, म्हणजे कंपायलरचा बग: हा निष्कर्ष मोहक आहे आणि बहुतांश वेळा चुकीचा आहे. कंपायलरमध्ये बग नसतात असं नाही. २०११ मध्ये युटा विद्यापीठाच्या गटाने सीस्मिथ या साधनाबद्दलचा पेपर मांडला. आपोआप बनवलेले सी प्रोग्रॅम कंपायलरांना खाऊ घालून त्यांनी तोवर माहीत नसलेले ३२५ हून अधिक बग शोधले होते. पण ते शोधायला असे प्रोग्रॅम लागले जे माणूस सहसा लिहीत नाही. आपल्या रोजच्या कोडमध्ये दोष बहुतेकदा आपलाच असतो. भाषेने "असं झालं तर काय होईल ते सांगत नाही" म्हटलेली एखादी गोष्ट आपण करून बसलेलो असतो, ओ० ती पोटात घालतो आणि ओ३ घालत नाही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण लिनक्स कर्नलमधलं आहे, २००९ चं. टन नावाच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये एका फंक्शनने आधी पॉइंटरमधून एक फील्ड वाचलं आणि पुढच्या ओळींत तो पॉइंटर नल आहे का हे तपासलं. जीसीसीने विचार केला: वर यातून वाचलं आहे, म्हणजे हा नल असूच शकत नाही, मग खालची तपासणी कशाला? तपासणी उडाली. शून्य पत्त्यावर मेमरी मॅप करता येते अशा परिस्थितीत हल्लेखोराला तिथून थेट कर्नलमध्ये शिरता आलं. कोड वाचणाऱ्याला तपासणी डोळ्यांसमोर दिसत होती, बायनरीत ती नव्हती. त्यानंतर कर्नल नलच्या तपासण्या न उडवण्याचा फ्लॅग लावून बिल्ड होऊ लागला. आणि कर्नल ओ० वर बिल्डच होत नाही. काही कोड ऑप्टिमायझरने उडवावा हे तिथे गृहीतच धरलेलं आहे. त्यांच्यापुरता तुमचा वाद निकालात निघालेला आहे.

तुमच्या टेस्ट "अधूनमधून" फेल होतात, म्हणून माझा पहिला संशय किंमत न दिलेल्या व्हेरिएबलवर आणि दुसरा थ्रेडच्या शर्यतीवर, म्हणजे दोन थ्रेड एकाच डेटाला एकाच वेळी हात लावतात त्यावर. ओ० वर प्रत्येक व्हेरिएबल स्टॅकवर आपापल्या जागी असतं आणि त्या जागी योगायोगाने शून्य सापडत राहतं. ओ३ वर तेच एखाद्या रजिस्टरमध्ये जातं, आणि तिथे आधीच्या कामाचा उरलासुरला आकडा असतो. शर्यतीचं असं, की ओ० वर प्रत्येक ओळ मेमरीत लिहिते आणि परत वाचते, त्यामुळे दुसऱ्या थ्रेडने बदललेला झेंडा (खुणेचं व्हेरिएबल) योगायोगाने दिसतो. ओ२ वर कंपायलर तो झेंडा एकदाच वाचतो, लूपच्या बाहेर नेऊन ठेवतो आणि थ्रेड कायमचा फिरत बसतो. त्याला ॲटॉमिक (अनेक थ्रेडनी सुरक्षितपणे वापरण्याजोगा) करणं हाच उपाय. दर वेळी मेमरीतूनच वाचायला लावणारं व्होलाटाइल लावून वेळ मारून नेणारे भेटतील. ते हार्डवेअरच्या रजिस्टरसाठी ठीक आहे, थ्रेडसाठी नाही.

शोधायचं कसं? आधी सॅनिटायझर लावा, त्यांच्याबद्दल पुढे आहेच. ते गप्प राहिले तर संशयित फ्लॅग एकेक करून बदला. चिन्हांकित पूर्णांकाचा ओव्हरफ्लो गुंडाळून घेणारा रॅप-व्ही लावल्यावर टेस्ट पास झाली, तर ओव्हरफ्लोच्या दिशेने बघा. स्ट्रिक्ट एलियासिंग (वेगळ्या प्रकारांचे पॉइंटर एकाच डेटावर रोखलेले नसतात हे कंपायलरचं गृहीतक) बंद केल्यावर पास झाली, तर कुठेतरी एका प्रकारचा पॉइंटर दुसऱ्या प्रकाराच्या डेटावर रोखलेला आहे. इथे दोन गोष्टी स्वतंत्र ठेवा: हे फ्लॅग निदानासाठी लावणं वेगळं आणि कायमचे लावणं वेगळं. कायमचे लावण्यात कमीपणा मुळीच नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस हे दोन्ही लावूनच बिल्ड होतो. पण मग ते रिलीजलाही हवेत, नुसत्या टेस्ट बिल्डला लावणं म्हणजे थर्मामीटर बर्फात बुडवणं.

फ्लॅगनी उलगडा झाला नाही तर फाइलींची अर्धी-अर्धी वाटणी करा. निम्म्या ऑब्जेक्ट फाइली ओ० च्या, निम्म्या ओ३ च्या, लिंक करून टेस्ट चालवा, मग दोषी निम्म्याचे पुन्हा दोन भाग. मॅक्रो सगळीकडे सारखे ठेवले तर अशी भेसळ चालते. फाइल सापडली की त्यातल्या फंक्शनवर ऑप्टिमायझेशन बंद करणारं ॲट्रिब्यूट लावत जा. क्लँग असेल तर ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट देऊन ऑप्टिमायझरच्या नेमक्या कितव्या टप्प्यानंतर निकाल फिरतो इथपर्यंत जाता येतं. एवढं करून हातात वीस ओळींचा, सॅनिटायझरला निर्दोष वाटणारा नमुना उरला, तरच कंपायलरवाल्यांना बग कळवा. ते आभार मानतील.

उलटंही होतं, आणि ते कमी लोकांना माहीत असतं: ओ२ वर पास, ओ० वर फेल. टेस्ट बिल्डमध्ये याचं एक ठरलेलं कारण आहे. दहा टेस्ट फाइलींत दहा जणांनी आपापलं "नोड" किंवा "फिक्स्चर" नावाचं स्ट्रक्ट लिहिलेलं असतं, निनावी नेमस्पेसमध्ये न ठेवता, आणि सगळ्या फाइली एकाच बायनरीत लिंक होतात. ओ२ वर प्रत्येकाचा कन्स्ट्रक्टर जागच्या जागी इनलाइन होतो, तेव्हा ज्याचा त्याला मिळतो. ओ० वर तो खरं फंक्शन राहतो, लिंकर दहांतला एक ठेवतो, आणि बाकी नऊ जण परक्या कन्स्ट्रक्टरने आपला डेटा भरतात. जीसीसीत लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन लावलं की अशा दुहेरी व्याख्यांबद्दल इशारा मिळतो. एरवी कोणी बोलत नाही. दुसरं कारण खोल रिकर्शन: शेवटचा कॉल ओ२ वर लूप होऊन जातो, ओ० वर स्टॅक भरतो. त्यामुळे तुम्ही ओ१ वर उतराल तेव्हा काही टेस्ट नव्याने फेल झाल्या तर दचकू नका. त्या खऱ्या दोषांवर बोट ठेवताहेत.

दशांश आकड्यांच्या टेस्ट या सगळ्यापासून वेगळ्या काढा. जुन्या ३२ बिटच्या इंटेल बिल्डवर मधले आकडे ८० बिटच्या रजिस्टरमध्ये राहायचे आणि मेमरीत उतरले की ६४ बिटांचे व्हायचे. कधी उतरतील ते ऑप्टिमायझेशनवर ठरायचं. जीसीसीच्या बगझिलातला (बगांच्या नोंदवहीतला) २००० सालचा ३२३ क्रमांकाचा बग याबद्दलच आहे आणि त्यावर पुन्हा पुन्हा त्याच तक्रारी येत राहिल्या. ६४ बिटवर तो त्रास संपला, पण त्याची जागा गुणाकार-बेरीज एकत्र करणाऱ्या सूचनेने घेतली. ती मधे आकडा गोल करत नाही, त्यामुळे शेवटचा अंक बदलतो. ६४ बिट आर्मवर ही सूचना मूळ संचातच आहे, इंटेलच्या ६४ बिट मूळ संचात नाही. जीसीसी एरवी ती स्वतःहून वापरतो, ओ० वर वापरत नाही. म्हणून इंटेलच्या सीआयवर पास झालेली टेस्ट एम-मालिकेच्या मॅकवर किंवा आर्मच्या सर्व्हरवर शेवटच्या अंकाला अडखळते. अपेक्षित उत्तर शेवटच्या बिटपर्यंत लिहिण्यापेक्षा किती फरक चालेल हे समजून लिहा. किंवा बिट-न्-बिट सारखं हवंच असेल तर ही एकत्र करण्याची मुभा रिलीजसकट सगळीकडे बंद करा. फास्ट-मॅथ (वेगासाठी दशांश गणिताचे नियम सैल करणारा फ्लॅग) लावला असेल तर मात्र टेस्टही त्याच फ्लॅगनेच चालल्या पाहिजेत, कारण त्यात "नॅन (संख्या नसलेलं उत्तर) येणारच नाही" असं कंपायलरला सांगितलेलं असतं आणि नॅनसाठी लिहिलेली तुमची तपासणी उडू शकते.

सॅनिटायझर कोणत्या स्तरावर चालवायचे? ओ१. यात खरी तडजोड आहे, सवयीने लावायचा आकडा नाही. ॲड्रेस सॅनिटायझरच्या २०१२ च्या पेपरात सरासरी ७३ टक्के जास्त वेळ लागल्याचं दिलं आहे, म्हणजे दुपटीच्या आत. थ्रेड सॅनिटायझर पाच ते पंधरा पट हळू होतो आणि मेमरीही पाच ते दहा पट घेतो. हे ओझं ओ० च्या मुळातल्या मंदपणावर लादलं तर टेस्ट संपायची वाट बघत बसावं लागतं. मग ओ३ का नाही? कारण ॲड्रेस सॅनिटायझरच्या तपासण्या कोडमध्ये येईपर्यंत ऑप्टिमायझरचे बरेच टप्पे होऊन गेलेले असतात. हद्दीबाहेर वाचलेला आकडा पुढे कुठेच वापरला नसेल, तर ते वाचनच उडतं आणि पकडायला काही उरत नाही. ओ१ वर असं कमी होतं आणि स्टॅक ट्रेसही वाचता येतो. फ्रेम पॉइंटर ठेवणारा आणि शेवटच्या कॉलचं ऑप्टिमायझेशन बंद करणारा, हे दोन फ्लॅग सोबत द्या. ॲड्रेस आणि थ्रेड सॅनिटायझर एका बायनरीत बसत नाहीत, तेव्हा दोन वेगळी बिल्ड धराच. थ्रेडवालं रात्री चालवलं तरी चालेल.

ओ० वर जाण्याविरुद्ध आणखी एक कारण आहे जे ऐकून लोक चकित होतात: इशारे कमी मिळतात. जीसीसीचा "कदाचित किंमत दिलेली नाही" हा इशारा ऑप्टिमायझेशन चालू असेल तरच नीट काम करतो, कारण डेटा कुठून कुठे जातो हे त्याशिवाय जीसीसी पाहतच नाही. जीलिबसी या सी लायब्ररीची, बफरच्या हद्दी पाहणारी फोर्टिफाय तपासणीही ऑप्टिमायझेशनविना लागू होत नाही. क्लँगचे या प्रकारचे इशारे आधीच्या टप्प्यात ठरतात, त्याला स्तराने फरक पडत नाही. तुम्ही जीसीसीवर असाल आणि इशाऱ्यांना एरर मानत असाल, तर ओ० वर पास झालेला मर्ज रात्रीच्या ओ२ बिल्डवर अडकेल.

कव्हरेजला, म्हणजे टेस्टमध्ये किती कोड धावला या मोजणीला, मात्र ओ० चा हक्क आहे. जीसीसीचा जीकॉव्ह त्यासाठी ओळी मोजतो, आणि ऑप्टिमायझर ओळी एकत्र करतो, मोजणी विस्कटते. क्लँगचं सोर्सवर आधारलेलं कव्हरेज याबाबतीत बरंच निर्धोक आहे. पण कव्हरेजच्या बिल्डवर टेस्ट पास झाल्या याला निकाल समजू नका. एसक्यूलाइट या डेटाबेसची पद्धत इथे शिकण्यासारखी आहे. ते जीकॉव्हच्या बिल्डवर टेस्ट चालवून कव्हरेज मोजतात. मग ग्राहकाला जाणाऱ्या फ्लॅगनी पुन्हा कंपाइल करून तेच टेस्ट पुन्हा चालवतात, आणि ही दुसरी फेरीच खरी टेस्ट धरतात. वर दोन्ही फेऱ्यांचं आउटपुट ताडून पाहतात. फरक निघाला तर एक तर त्यांच्या कोडमध्ये अनडिफाइन्ड वर्तन आहे, नाहीतर कंपायलरमध्ये बग आहे. तुमच्याकडे हा फरक आयता हाती आला आहे.

एम्बेडेडवाल्यांबद्दल थोडक्यात: तिथे ओ० ची चर्चा कित्येकदा फ्लॅश मेमरीच्या आकारापाशीच संपते. ओ-एस, म्हणजे आकार लहान ठेवणाऱ्या स्तरावर जेमतेम मावणारं फर्मवेअर ओ० वर मावत नाही. स्टॅकही जास्त लागतो, आणि रिकाम्या लूपने केलेला विलंब ओ२ वर गायब होतो. लॅपटॉपवर चालणाऱ्या युनिट टेस्ट ओ१ वर, बोर्डवरच्या टेस्ट रिलीजच्याच बायनरीवर. मधला मार्ग नाही.

कामगिरीच्या टेस्ट फक्त रिलीजच्या फ्लॅगवर. आणि तिथेही ओ२ की ओ३ यावर भांडू नका. २००९ च्या एका अभ्यासात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा आकार किंवा लिंकिंगचा क्रम बदलल्यानेच निकाल हलताना दिसला होता. २०१३ मध्ये स्टॅबिलायझर या साधनाने मेमरीतली मांडणी सतत बदलत ठेवून मोजलं, तेव्हा एलएलव्हीएमच्या (क्लँग ज्यावर उभा आहे त्याच्या) ओ२ आणि ओ३ मधला फरक गोंगाटातून वेगळा काढता आला नाही. त्यामुळे तुमची सर्व्हिस ओ३ वर का आहे हे विचारून बघा. उत्तर "सीमेकने लावला म्हणून" असं आलं तर ओ२ वर उतरा. कंपाइलचा थोडा वेळ वाचेल आणि बायनरीही आटोपशीर होईल.

मग तुमच्यासाठी क्रम असा. या आठवड्यात कुठलाही स्तर न बदलता त्या दोन टेस्टवर ॲड्रेस, अनडिफाइन्ड आणि थ्रेड सॅनिटायझर चालवा. दोष निस्तरल्यावर मर्जचं बिल्ड ओ१ वर आणा, असर्ट चालू ठेवून, बाहेरच्या लायब्रऱ्या ओ२ वर. लिंकर बदला. मुख्य शाखेवर रोज रात्री रिलीजच्या फ्लॅगनी पूर्ण संच चालवा, आणि रिलीज कापताना तीच बायनरी पुढे पाठवा. पुन्हा बिल्ड करू नका. ओ१ वर पास आणि रात्री फेल अशी टेस्ट निघाली तर तिला "फ्लेकी" (कधी पास, कधी फेल) असा शिक्का मारून बाजूला टाकायला कोणालाच परवानगी देऊ नका. त्याच शिक्क्याखाली तुमच्या या दोन टेस्ट आजवर दडून राहिल्या असणार.

कंपायलर बदलताना यातलं बरंचसं पुन्हा करावं लागेल. ओ२ चा अर्थ कायमचा ठरलेला नाही. २०२२ च्या जीसीसी १२ ने ओ२ मध्येच व्हेक्टरायझेशन (एका सूचनेत अनेक आकड्यांवर काम करणं) चालू केलं, तोवर ते ओ३ ला व्हायचं. म्हणजे फ्लॅग तोच राहिला आणि बायनरी बदलली. यासाठी टेस्टच्या अहवालात कंपायलरची आवृत्ती आणि पूर्ण फ्लॅग छापत चला. जीसीसी डीबग माहितीत ते स्वतःहून नोंदवतो, रीडएल्फ या साधनाने काढून घेता येतात. बिल्ड स्क्रिप्टमध्ये काय लिहिलंय यापेक्षा बायनरी स्वतःबद्दल काय सांगते ते छापा.